दुसरा खेळ

आमच्याकडं त्या टॉकीजच्या भुताची गोष्ट सांगताना कुणी आवाज बारीक करत नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस सोयाबीनचा भाव सांगावा तितक्या सहज सांगून जातो. टॉकीज बंद पडून वीसेक वर्षं झाली, आत मशीन चालत नाही, पडदा कधीच फाटलाय, लाईटचं कनेक्शन तोडलेलं आहे. पण गणपतीच्या दिवसांत काही रात्री आतून हसण्याचा आवाज येतो. एकट्यादुकट्याचा नाही, भरलेल्या थेटराचा. थांबतो, पुन्हा येतो. मग बाकं सरकतात आणि मागच्या दारानं माणसं बाहेर पडल्यासारखी चाहूल लागते. बस, एवढंच. कुणाला झपाटलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, उलट्या पावलांची बाई कुणाला दिसली नाही. भुताच्या गोष्टीत माणसं घाबरवायला जे जे लागतं, त्यातलं काहीही या गोष्टीत नाही. म्हणूनच मला ती लहानपणापासून सोडत नव्हती.

औसा, निलंगा आणि उमरगा या तीन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यातलं हे बाजाराचं गाव, माझं आजोळ. गावाचं आणि टॉकीजचं नाव मी लिहीत नाही. मालकांच्या घरच्यांनी तशी विनंती केली आहे आणि तिला कारण आहे. गेल्या काही वर्षांत कुठकुठली पोरं रात्री मागची भिंत चढून आत येतात, अंधारात मोबाईल धरतात, पारवा फडफडला की किंचाळतात आणि त्यावर भेसूर संगीत चढवून ते जगाला दाखवतात. त्यातले काही व्हिडिओ मी पाहिले आणि मला मनापासून राग आला. त्या पोरांना ज्या रात्रीची ही गोष्ट आहे ती रात्र माहीतच नाही. तिची तारीखसुद्धा त्यांनी कुणाला विचारलेली नाही.

टॉकीज निजामाच्या राजवटीतली. घडीव काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती, वर लोखंडी कैच्या आणि त्यांवर पत्रा. खाली शहाबादी फरशी. बुकिंगच्या खिडकीवर पांढऱ्या रंगाच्या पापुद्र्यांखालून उर्दू अक्षरं अजून डोकावतात. तिथं हाली पैशातले, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, तिकिटाचे दर लिहिलेले होते, असं माझा मामा सांगायचा. पुढं थर्ड, मग सेकंड, फर्स्ट, वर बाल्कनी. बायकांना बाजूचं वेगळं दार आणि मध्ये लाकडी आडोसा. १९४८ च्या सप्टेंबरात सोलापूरकडून नळदुर्गमार्गे फौजा हैदराबादकडं निघाल्या तेव्हा हा सगळा पट्टा धास्तावून घरात बसला होता, टॉकीजलाही कुलूप होतं. आजीच्या तोंडून ऐकलेलं हे टॉकीजचं पहिलं कुलूप. दुसरं लागलं ते १९९३ च्या भूकंपानंतर.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं विसर्जनाची मिरवणूक बघायला बाजारगावात आली होती. कुणी सायकलवर, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं. मिरवणूक संपत आल्यावर तरण्या पोरांचा घोळका टॉकीजकडं वळला. साडेनऊचा दुसरा खेळ लागायचा होता. हिंदी विनोदी पिक्चर होता. मोठ्या शहरांत लागून गेल्यावर कितीतरी महिन्यांनी त्याच्या रिळांची पेटी इकडं पोचली होती, पण इथं तो नवाच होता. खेळ साडेबाराच्या पुढं सुटला. ट्रॉल्या परत निघाल्या. दीड-दोनच्या सुमारास पोरं आपापल्या गावी पोचली, घरात शिरली, अंगावर गोधडी ओढून झोपली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली.

पुढचं महाराष्ट्राला माहीत आहे. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, होळी, पेठसांगवी, राजेगाव. बावन्न गावं बसली. मृतांचा सरकारी आकडा सात हजारांच्या पुढचा, लोकांच्या तोंडी तो दहा हजार आहे. धक्का ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशोबात फार मोठा नाही. पण तो जमिनीत फार खोल नव्हता आणि त्याच्या वर आमची घरं होती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडाच्या भिंती, दगडाला दगड धरून ठेवायला नुसती माती. वर लाकडाचे खण आणि त्यावर वर्षानुवर्षं थापत आणलेलं मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं, पाहुण्यांनी कौतुक करावं असं घर. जितकं माळवद जाड तितका मान. तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं.

टॉकीज उभी राहिली. गाव भूकंपाच्या केंद्रापासून जरा लांब, भिंत चुन्यातली आणि डोक्यावर हलका पत्रा. त्या काळी पत्र्याचं घर म्हणजे गरिबाचं घर. नंतर हाच पत्रा आमच्या भागात सगळ्यांना सुरक्षित वाटू लागला. पुनर्वसनात सिमेंट-काँक्रीटची घरं मिळाली, तरी कितीतरी माणसं अंगणात पत्र्याचं शेड ठोकून त्यातच झोपायची. मी तेव्हा लातूरला शाळेत होते. आम्ही सगळी गल्ली मैदानात झोपायचो आणि पावसात चिंब भिजलो तरी कुणी घरात जाऊ म्हणायचं नाही.

टॉकीज काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाली, पण बंद खोलीत बसायची माणसांची हिंमतच संपली होती. बाल्कनीत एखादी खुर्ची जोरात आपटली तरी निम्मं थेटर दाराकडं पळायचं. शेवटी मालकांनी खेळ चालू असताना सगळी दारं उघडी ठेवायला सुरुवात केली. दिवसाच्या खेळाला पडद्यावर ऊन पडायचं, हिरोचा चेहरा धड दिसायचा नाही, तरी लोक तसेच बघायचे. अंधाराशिवाय पिक्चर बघणारी माणसं मी माझ्या आजोळीच पाहिली. असा धंदा किती दिवस चालणार? केबल आली, सीडी आली आणि एके वर्षी कुलूप लागलं ते निघालंच नाही.

आता जागा विकली जाणार आहे, तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स होणार, असं मामेभावानं फोनवर सांगितलं. म्हणून मी गेले.

बरोबर टॉकीजचे जुने ऑपरेटर होते. गावात सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणाले. कुलूप उघडायला त्यांना वेळ लागला नाही. किल्ली अजून त्यांच्याकडंच असते आणि कुलपाला ते दर महिन्याला तेल घालतात. आत पारव्यांचा आणि वटवाघळांच्या विष्ठेचा वास. पत्रा दोन-तीन ठिकाणी फाटलेला, त्यातून उन्हाचे झोत थर्डच्या बाकांवर पडलेले. बाकं लोखंडी, लांब, जमिनीत गाडलेली. मी ती हलवून बघितली. एकही हलेना. गोष्टीतली बाकं मात्र सरकतात.

अशा जागेतल्या आवाजांना कारणं असतात आणि ती मला टाळायची नाहीत. दिवसभर तापलेला पत्रा रात्री आकसताना तडतडतो. वटवाघळं असतात, घुबडाची पिलं तर माणसासारखी घोरतात. शिवाय आमच्या जमिनीचा स्वतःचा आवाज आहे. किल्लारीच्या भागात खाली तीनशे मीटरहून जाड काळ्या पाषाणाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइट. तिथं उथळ जागी बारीक हालचाल झाली की अंगाला धक्का जाणवत नाही, पण सुरुंग उडाल्यासारखा गुम्म आवाज येतो. भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, किल्लारीकरांनी असे आवाज आणि हादरे सोसले होते. अलीकडं २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत तेच झालं आणि लोक पुन्हा रात्री घराबाहेर बसले. मोकळ्या दगडी खोलीत असा आवाज घुमला तर त्याचं काय काय होऊ शकेल ते मला कळतं. पण पत्रा आणि पाषाण आवाज करतील. तो आवाज हसण्याचा आहे हे माणसानं ठरवलेलं असतं. आणि आमच्या लोकांनी हसणंच का ठरवलं, रडणं का नाही, याचं उत्तर मला हवं होतं.

मशीनरूमला जायचा जिना बाहेरून आहे. खोली कबुतराच्या खुराड्याएवढीच वाटते, कारण दोन मशीनांनी ती अजून भरलेली आहे. भंगारवाल्यानं भाव केला होता; मामांनी मालकांच्या हातापाया पडून ती ठेवून घेतली. भिंतीला पडद्याकडं बघणाऱ्या चौकोनी खिडक्या आणि प्रत्येकीवर लोखंडी झडप. पूर्वीची फिल्म पेट घेणारी असायची. आग लागली तर झडप पाडायची, म्हणजे ऑपरेटर आत अडकला तरी चालेल पण पब्लिक वाचलं पाहिजे, असं मामांनी अगदी साधेपणानं सांगितलं. त्यांच्या काळात न पेटणारी फिल्म आली होती, झडपा तेवढ्या राहिल्या.

मग त्यांनी मला मशीन शिकवलं. एवढा वेळ ते माझ्याशी तुटक बोलत होते, आता थांबेनात. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर आणायच्या, टेकवून किंचित दूर करायच्या की मध्ये डोळे दिपवणारी ज्योत धरते. कांड्या जळत जातात, म्हणून सारख्या पुढं सरकवायच्या. अंतर चुकलं की पडदा पिवळा पडतो आणि थर्डमधून शिट्ट्या. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका येतो. तो आला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा ठिपका आला की इकडचा प्रकाश बंद, तिकडचा सुरू. ‘पब्लिकला जोड दिसला न्हाई पायजे,’ मामा म्हणाले. ‘जोड दिसला की समजायचं ऑपरेटर झोपला.’ मी विचारलं, तुम्हाला इथून पिक्चर ऐकू यायचा का? मशीनच्या घरघरीत फारसा नाही. ‘पर पब्लिक ऐकू यायची की. कोणत्या रिळाला कुठं हसतेत, कुठं गप बसतेत, समदं पाठ व्हायचं. आठ दिस पिक्चर चालला की आपुन आधीच हसायचो.’

त्या रात्रीचा खेळ मामांनीच चालवला होता. मी तो विषय काढायच्या आधीच ते त्यावर आले. थर्ड भरलेलं होतं, बाल्कनी जवळपास रिकामी. सगळी पोरं, मिरवणुकीत नाचून गुलालानं लाल झालेली. ‘असं हसणं पुन्ना ऐकलं न्हाई मी. तिसऱ्या रिळाला तर येवढी हसली, येवढी हसली, की मी मशीन सोडून खिडकीतून वाकून बघितलो.’ खेळ सुटल्यावर काहीजणांची ट्रॉली हुकली. ती पोरं टॉकीजच्या पायऱ्यांवरच आडवी झाली. ती वाचली. ट्रॉली मिळालेल्यांपैकी कितीतरी गेली. सकाळी पायऱ्यांवरची पोरं उठून आपल्या गावाकडं पळत सुटली. त्यातला एकजण अजून विसर्जनानंतर येऊन मामांच्या ओट्यावर घटकाभर बसतो, चहा घेतो, जातो.

‘मामा, तुम्हाला येतो का तो आवाज?’

‘येतो की. पर मला घरी बी येतो,’ मामा म्हणाले आणि मशीनवरची धूळ हातानं पुसायला लागले.

आम्ही खाली उतरलो तेव्हा बाजार भरला होता. त्या दिवशी टॉकीजसमोरच्या पटांगणात भाजीवाल्या बसतात. पायऱ्यांची सावली ज्यांना मिळते त्यांचं तिथलं ठाणं वर्षानुवर्षांचं. चिंच आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन बसलेल्या एका मावशींनी मामांना हटकलं, ‘आज कोण पावनी म्हणायची?’ मामांनी सांगितलं, भुताचं बघायला आलीय. मावशींनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘कशाचं भूत, माय? आमचीच लेकरं हायती ती. पिक्चर बघायलेत.’

हे त्या कुणाला समजावून सांगत नव्हत्या. एखाद्या घरात कोण राहतं ते सांगावं तसं सांगत होत्या. मी तिथंच बसले. त्यांचं गाव त्या बावन्नांतलं. भूकंपानंतर पाऊस थांबत नव्हता, ढिगारे उपसायला माणूस नव्हतं, एकेका सरणावर कितीजण गेले त्याची मोजदाद नाही. कुणाचं तोंड बघायला मिळालं नाही, कुणाची राख वेगळी झाली नाही. मग गाव उठवून दुसरीकडं वसवलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, नंबर टाकलेली. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या. तिथं आता उंबरा नाही, देवळी नाही, दिवा कुठं लावायचा ते कळत नाही. किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, दर ३० सप्टेंबरला तिथं मानवंदना दिली जाते. ते योग्यच आहे. पण मेलेल्या लेकरानं परत यायचं म्हटलं तर यायचं कुठं? घर पडलेलं, गाव हललेलं. त्या पोरांना शेवटचं जिथं सगळ्यांनी मिळून हसताना ऐकलं, ती जागा एवढी एकच उभी होती. लोकांनी त्यांना तिथं बसवलं. आणि हसतंच बसवलं.

मला वाटतं, ही गोष्ट कुणा एकानं रचलेली नाही. शेकडो घरांनी थोडी थोडी मिळून ती जपली आहे. म्हणून तिला भीती चिकटत नाही, आणि म्हणूनच रात्री कॅमेरे घेऊन घुसणाऱ्यांनी तिच्यावर चढवलेलं संगीत मला सहन होत नाही. कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरल्यासारखं आहे ते.

मावशींचा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्या रात्री तो दोनच्या सुमारास आला. त्यांनीच उठून दार उघडलं, शिळी भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. तो खाता खाता पिक्चरची गोष्ट सांगायला लागला. सांगताना त्याला इतकं हसू येत होतं की घास घशात अडकला. घरात बाकीची झोपलेली होती. मावशी म्हणाल्या, आता नको, सकाळी सांग. तो आत जाऊन झोपला. त्यांना काही झोप लागेना. पहाटे बाहेर म्हशीकडं गेल्या आणि तेवढ्यात झालं.

हे सगळं त्या चिंचेच्या पुड्या बांधत सांगत होत्या. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी दोन रुपयांवरून घासाघीस केली. ते गेल्यावर मला म्हणाल्या, ‘कोणता पिक्चर होता ते बी ठाऊक न्हाई मला. विचारायचं कुणाला?’

मी मामांकडं बघितलं. मामांनाही नाव आठवत नव्हतं. रिळं आठवत होती, नाव नाही. पण टॉकीजला रोज डीसीआर, म्हणजे दिवसाच्या तिकीटविक्रीचा तक्ता, भरावा लागायचा. कोणता पिक्चर, कोणता खेळ, कोणत्या क्लासची किती तिकिटं, करमणूक कर किती. मालकांच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत त्या वह्या निघाल्या. वाळवीनं बऱ्याच खाल्लेल्या. १९९३ ची कोपऱ्यांवर कुरतडलेली, पण पानं शाबूत होती. २९ सप्टेंबरच्या पानावर पिक्चरचं नाव निळ्या शाईत होतं. पुढचं पान कोरं, त्याच्या पुढचीही.

त्या रात्री आजोळच्या घरी मी तो पिक्चर मोबाईलवर बघितला. मामांना शेजारी बसवून घेतलं होतं. तो मला तसा बेताचाच वाटला असता, एरवी कदाचित पुरता बघितलाही नसता. पण मामा मध्येमध्ये बोट वर करायचे. ‘इथं हसली.’ ‘इथं बी.’ मी वेळ लिहून घेत होते. एका ठिकाणी हिरो बायकोच्या भीतीनं धान्याच्या कणगीत लपतो आणि आत आधीच सासरा लपलेला असतो. तिथं मामांनी बोट वर केलं आणि ते खाली आणायचं विसरले. ‘तिसरं रीळ,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या नव्या गावी गेले. त्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शेंगा निवडत होत्या. मी नाव सांगितलं, ते त्यांनी दोनदा उच्चारून बघितलं. मग मी गोष्ट सांगायला सुरुवात केली. कणगीपर्यंत आले आणि म्हणाले, मावशी, इथं सगळं थेटर खूप हसलं होतं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. ‘व्हय, व्हय, कणगीचं म्हणत होता,’ त्या म्हणाल्या, ‘कणगी, कणगी म्हणत होता आन हसत होता. मला वाटलं ज्वारीचं काय सांगायला.’ आणि त्या हसल्या, चांगल्या मोठ्यानं, पदर तोंडाला न लावता.

मग त्यांनी मला हातानं थांबवलं, घरात तोंड करून सुनेला हाक मारली, चहा ठेव म्हणाल्या, नातवंडांना बोलावून घे म्हणाल्या. शेजारच्या दोन बायकाही आल्या. त्यांच्या घरची पोरंही त्याच ट्रॉलीत होती. सगळी मांडी घालून बसल्यावर मावशी मला म्हणाल्या, ‘हं, आता पयल्यापासून सांग.’